फिक्स का येत नाही?

करेक्शनच्या प्रवाहातले संदेश आणि त्यांचं रूपांतर : मोजणी करणाऱ्यांसाठीच्या पुस्तिकेची प्रस्तावना

रत्नागिरी तालुक्यात रोव्हर घेऊन मोजणीला उभं राहणाऱ्या माणसाला आकाशावर खापर फोडायची सवय लागते. कलमांची बाग दाट आहे, वर ढग आहेत, समोर डोंगर आडवा आहे, म्हणून कंट्रोलरवर ‘फ्लोट’ दिसतंय आणि ‘फिक्स’ येत नाही, असं आपण धरून चालतो. ढगांचा याच्याशी काही संबंध नाही. बागेचा आणि डोंगराचा जरूर आहे. पण उघड्या सड्यावर, डोक्यावर तीसेक उपग्रह असताना आणि मोबाइलला पूर्ण रेंज असतानाही रोव्हर फ्लोटवर बसून राहतो, तेव्हा दोष आकाशाचा नसतो. बेसकडून येणारे संदेश एका क्रमांकाचे असतात आणि रोव्हर दुसऱ्याच क्रमांकाची वाट पाहत असतो. ही पुस्तिका त्या क्रमांकांबद्दल आहे.

मूळ गोष्ट थोडक्यात. एकटा रिसीव्हर उपग्रहांवरून आपली जागा काढतो तेव्हा ती काही मीटरांनी चुकते. आपली जागा अचूक ठाऊक असलेला दुसरा रिसीव्हर जवळपास असेल, तर दोघांच्या चुका बऱ्याचशा सारख्या असतात: उपग्रहाच्या घड्याळाची, कक्षेची, वातावरणातून येताना लागलेल्या विलंबाची. या दुसऱ्याला आपण बेस म्हणतो. बेसने दर सेकंदाला आपली निरीक्षणं रोव्हरला पाठवली की रोव्हर त्या चुका वजा करतो. लहरींच्या पूर्ण आवर्तनांची संख्या त्याला पक्की सापडली की कंट्रोलरवर फिक्स दिसतं आणि जागा दोन-तीन सेंटीमीटरवर येते. ही निरीक्षणं कोणत्या क्रमाने, किती बिटांत, कोणत्या क्रमांकाखाली पाठवायची याचा करार म्हणजे आरटीसीएम.

हा करार जमीन मोजणाऱ्यांनी केलेला नाही, जहाजवाल्यांनी केला आहे. रेडिओ टेक्निकल कमिशन फॉर मेरिटाइम सर्व्हिसेस ही अमेरिकेतली सागरी दळणवळणाची संस्था. तिची १०४ क्रमांकाची विशेष समिती १९८०च्या दशकात जीपीएसच्या दुरुस्तीसाठी नेमली गेली. तेव्हा प्रश्न बंदरात शिरणाऱ्या जहाजाचा होता, गुंठ्याचा नव्हे. दीपगृहातून ३०० किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर सेकंदाला १०० ते २०० बिट इतक्या संथ गतीने दुरुस्ती पाठवायची आणि जहाजाने ती घेऊन जागा पाच मीटरच्या आत आणायची, एवढंच. भारतातही दीपगृहांचा कारभार पाहणाऱ्या महासंचालनालयाने किनाऱ्यावर अशी डीजीपीएस केंद्रं उभारली. रत्नदुर्गाजवळचं दीपगृह पाहायला जाणाऱ्यांतल्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे, पण आज भूकरमापकाच्या हातात असलेल्या यंत्राची बोली अशा दीपगृहांच्या धंद्यात घडली.

त्या बोलीच्या दुसऱ्या पिढीत, म्हणजे आवृत्ती २ मध्ये, सगळं ३० बिटांच्या शब्दांत बांधलेलं होतं आणि पुष्कळ बिट तपासणीतच खर्च व्हायचे. सेंटीमीटरचं काम सुरू झाल्यावर त्यात १८ आणि १९ क्रमांकाचे संदेश घुसवले गेले, पण ती ठिगळंच होती. बेसची जागा सांगणाऱ्या ३ क्रमांकाच्या संदेशात निर्देशांक सेंटीमीटरपर्यंतच लिहिता यायचे. त्याहून बारीक आकडा देण्यासाठी २२ क्रमांकाचा वेगळा संदेश लागायचा. २००४ मध्ये आवृत्ती ३ आली आणि आधीच्या रचनेशी नातं तोडून नव्याने मांडणी झाली. प्रत्येक संदेशाच्या आरंभी एक ठरलेली खूण, मग लांबी, मग मजकूर आणि शेवटी २४ बिटांची तपासणी. जीपीएसची निरीक्षणं १००४ मध्ये, ग्लोनासची १०१२ मध्ये, बेसची जागा १००५ किंवा १००६ मध्ये, अँटेनाचं नाव १००७, १००८ किंवा १०३३ मध्ये. त्याच वर्षी जर्मनीच्या बीकेजी या भूमापन संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेला एनट्रिप हा नियम प्रसिद्ध झाला. हे संदेश रेडिओऐवजी इंटरनेटवरून कसे पाठवायचे ते त्यात ठरलं. कॅस्टर, माउंटपॉइंट, सोर्स टेबल हे शब्द तिथूनच आपल्या तोंडी बसले.

मग आकाशात गर्दी झाली. युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बेईदोऊ, जपानचे क्यूझेडएसएस आणि आपले नाविक. प्रत्येकासाठी वेगळी रचना करत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकच साचा द्यावा म्हणून एमएसएम नावाची मालिका आली. २०१३ मधल्या ३.२ आवृत्तीपासून ती प्रमाण झाली. जीपीएसला १०७१ ते १०७७, ग्लोनासला १०८१ ते १०८७, गॅलिलिओला १०९१ ते १०९७, बेईदोऊला ११२१ ते ११२७ आणि पुढे नाविकला ११३१ ते ११३७. शेवटचा आकडा तपशील किती ते सांगतो. आपल्या कामात ४ आणि ७ एवढेच येतात. रचना शाळेच्या हजेरीपटासारखी आहे: आधी कोणते उपग्रह हजर आणि त्यांचे कोणते संकेत हजर याच्या खुणा, आणि मग फक्त हजर असलेल्यांचेच आकडे.

आता रत्नागिरीकडे येऊ, कारण हा सगळा इतिहास इथल्या मोजणीच्या फायलीत येऊन थांबला आहे.

पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावचं गावठाण ड्रोनने मोजण्याचा प्रयोग झाला आणि पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली. ड्रोनच्या छायाचित्रांना जमिनीवरचे पक्के बिंदू लागतात आणि ते गावोगाव झपाट्याने घ्यायचे तर बेस आधीच उभे असायला हवेत. भारतीय सर्वेक्षण विभागाने उभारलेल्या कॉर्सच्या, म्हणजे अखंड चालणाऱ्या संदर्भ केंद्रांच्या, जाळ्यात महाराष्ट्र पहिल्या राज्यांपैकी होता. राज्यात अशी ७७ केंद्रं आहेत. राज्याचं क्षेत्रफळ तीन लाख चौरस किलोमीटरच्या थोडं वर धरलं, तर एका केंद्राच्या वाट्याला सुमारे ४,००० चौरस किलोमीटर येतात, म्हणजे दोन केंद्रांमध्ये साठ-सत्तर किलोमीटर. भूमी अभिलेख विभागाच्या कचेऱ्यांत रोव्हर आले आणि प्लेन टेबल कपाटाच्या माथ्यावर गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये भूस्थानिक माहितीवरचे निर्बंध केंद्राने सैल केले. त्यानंतर खासगी मोजणीदार, रस्त्यांचे ठेकेदार, बागायतदारांचे सल्लागार असे सगळेच या प्रवाहाला तोंड लावू लागले.

यंत्रं मात्र सगळ्यांकडे एका वयाची नाहीत. कुणाकडे परवा घेतलेला बहुउपग्रही रोव्हर आहे. कुणी मुंबई-गोवा महामार्गाच्या कामावरून निघालेला बारा वर्षं जुना संच निम्म्या किमतीत घेतलेला आहे. त्याला १००४ आणि १०१२ कळतं, १०७७ कळत नाही. तो न कळलेला संदेश मुकाट्याने टाकून देतो, पडद्यावर तक्रारही करत नाही. डेटा येतोय, दिवा लुकलुकतोय, पण फिक्स नाही. अशा वेळी बेस आणि रोव्हर यांच्यामध्ये एक प्रोग्राम बसवून १०७७ चं १००४ करून द्यावं लागतं. पुस्तिकेचा निम्मा भाग या एकाच कामावर आहे.

त्याआधी एक गैरसमज काढून टाकतो, कारण तो फार पसरला आहे. ‘नेट स्लो आहे, जुना फॉरमॅट लाव, हलका पडतो’ असं सर्रास सांगितलं जातं. बिट मोजून पाहू. दहा उपग्रह, प्रत्येकाचे दोन संकेत. एमएसएम७ मध्ये प्रत्येक उपग्रहाला ३६ आणि प्रत्येक संकेताला ८० बिट लागतात. शीर्षक आणि तपासणी धरून संदेश सुमारे २७५ बाइटचा होतो. एमएसएम४ मध्ये हेच आकडे १८ आणि ४८. संदेश सुमारे १७३ बाइट. आणि १००४ मध्ये प्रत्येक उपग्रहाला १२५ बिट. संदेश सुमारे १७१ बाइट. म्हणजे ७ वरून ४ वर आलं की तिसऱ्या हिश्शाहून जास्त बचत होते आणि ४ वरून १००४ वर आलं की दोन बाइटची. हलकेपणासाठी जुन्या संदेशाकडे जाण्यात काही हशील नाही. रोव्हरला दुसरं काही कळतच नसेल, तरच जावं.

सात आणि चार यांत अचूकतेचा फरकही कागदावरचाच जास्त. लहरीच्या मापाची पायरी एमएसएम७ मध्ये ०.१४ मिलिमीटर, एमएसएम४ मध्ये ०.५६ मिलिमीटर आणि १००४ मध्ये ०.५ मिलिमीटर. पत्र्याच्या छपरावरून परावर्तित होऊन येणारी लहर याच्या दसपट गोंधळ घालते. एमएसएम७ मध्ये डॉप्लरही असतो, पण मोजणीच्या रोव्हरला बेसच्या डॉप्लरचं फारसं काम नसतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: चार उपग्रह-प्रणाली एमएसएम४ मध्ये पाठवा. सेकंदाला सुमारे ७०० बाइट होतात. ९,६०० च्या यूएचएफ रेडिओवरूनही ते जातात, तिथे एमएसएम७ चे अकराशे बाइट जेमतेम बसतात. जुना रेडिओ ४,८०० चा असेल तर सेकंदाला ६०० बाइटच्या वर जाताच येत नाही. मग एखादी प्रणाली कमी करावी लागते.

रूपांतरात काहीतरी गळतं. ते काय आणि ते गळणं आपल्या जागेवर परवडतं का, हे ठरवणारा माणूस संगणकापाशी बसलेला असतो. बांधावर उभा असलेल्याला कुणी विचारत नाही. या पुस्तिकेच्या मुळाशी ही माझी तक्रार आहे. १००४ आणि १०१२ मध्ये जीपीएस आणि ग्लोनास एवढंच मावतं आणि तेही प्रत्येकी दोनच लहरींवर. गॅलिलिओ, बेईदोऊ, नाविक यांना जुन्या मालिकेत जागाच नाही. जीपीएसची एल५ लहरही जाते. सड्यावर याने काही बिघडत नाही. दहा जीपीएस आणि सहा ग्लोनास भरपूर झाले. पण पावसच्या किंवा मालगुंडच्या जुन्या बागेत, जिथे कलमांच्या फांद्या एकमेकांत शिरल्यात आणि हद्दीचा गडगा नेमका त्यांच्याखालून जातो, तिथे तीसपैकी दहा-बाराच उपग्रह नीट ऐकू येतात. त्यातून गॅलिलिओ-बेईदोऊ काढून टाकले की हाताशी पाच-सहा उरतात. जुना संदेश सर्वांत जास्त महाग पडतो तो अशा ठिकाणी, आणि आपल्या जिल्ह्यात अशीच ठिकाणं जास्त.

इथले तुकडेही लहान. एका सर्व्हे नंबराचे वीस-वीस हिस्से, वरकस, खाजण, परडं असं सगळं एकाच सातबाऱ्यावर, खोती जाऊन सत्तर वर्षांवर लोटली तरी वाटपाचे वाद जिवंत. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि सोळा आण्यांची. एक आणा म्हणजे साधारण ६३ सेंटीमीटर. त्या काळी एखाद्या आण्याची तफावत कुणी मनावर घेत नसे. आज त्याच हद्दीवर रोव्हर दोन सेंटीमीटर म्हणतो आणि दोन्ही बाजूचे लोक त्या आकड्याला शपथपत्रासारखं धरतात. म्हणून फ्लोटपेक्षा मला चुकीच्या फिक्सची भीती जास्त वाटते. फ्लोट निदान कबुली देतो.

चुकीचा फिक्स बहुधा निरीक्षणांच्या संदेशातून येत नाही, बेसच्या जागेच्या संदेशातून येतो. १००५ आणि १००६ मध्ये बेसच्या अँटेनाचे निर्देशांक पृथ्वीच्या केंद्रापासून मोजून लिहिलेले असतात. १००६ मध्ये त्याखेरीज खुणेपासून अँटेनाची उंची असते. रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममध्ये हा संदेश जसाच्या तसा पुढे जाऊ द्यायचा की आपण आकडे भरून नवा बनवायचा, असा पर्याय असतो. पुष्कळ जण हौसेने भरतात. उंचीच्या रकान्यात समुद्रसपाटीपासूनची उंची लिहितात, आणि तिथे लागते लंबगोलावरची उंची. कोकण किनाऱ्यावर या दोहोंत साठ मीटरांहून जास्त फरक आहे. भाट्याच्या पुळणीवर रिसीव्हर ठेवला तर लंबगोलावरची उंची उणे येते आणि नवखा माणूस यंत्र बिघडलं असं समजतो. बेसची उंची अशी चुकीची भरली की रोव्हर फिक्सही देतो, पडद्यावर दोन सेंटीमीटरही दाखवतो, आणि प्रत्येक बिंदू तितकाच सरकलेला असतो. आडव्या निर्देशांकांतही हेच. जुन्या पत्रकांतले निर्देशांक एव्हरेस्टच्या लंबगोलावरचे असतील आणि ते तसेच भरले, तर सगळं गावच जागचं हलतं. म्हणून पुस्तिकेत जाड अक्षरांत छापलेलं एकच वाक्य आहे: जागेचा संदेश मूळ केंद्राचाच पुढे जाऊ द्या.

अँटेनाचं नाव सांगणाऱ्या १०३३ चंही तेच. प्रत्येक अँटेनाचा लहर टिपणारा बिंदू तिच्या भौतिक तळापासून काही सेंटीमीटर वर असतो आणि तो लहरीगणिक बदलतो. रोव्हर अँटेनाचं नाव वाचून आपल्या तक्त्यातून ते अंतर काढतो. रूपांतरात हा संदेश गळला तर काही रोव्हर अंतर शून्य धरतात. आडव्या मापात हे जाणवत नाही, उंचीत जाणवतं.

आता थोडं खोलात. हा भाग ज्यांना नको त्यांनी हा आणि पुढचा असे दोन परिच्छेद सोडले तरी चालेल, पण ज्याला प्रोग्राम चालवायचा आहे त्याने सोडू नयेत. एका सेकंदाची निरीक्षणं चार-पाच संदेशांत विभागलेली असतात आणि प्रत्येकात एक बिट असतो: याच सेकंदाचं अजून काही येणार आहे की नाही. शेवटच्या संदेशात तो शून्य असतो. तो पाहिल्यावर रोव्हर गणिताला बसतो. समजा मूळ प्रवाहात शेवटचा संदेश बेईदोऊचा आहे. आपण रूपांतरात बेईदोऊ टाकला, पण आधीच्या संदेशातला बिट बदलला नाही. रोव्हर ‘अजून येणार’ म्हणून थांबतो, पुढच्या सेकंदाचा संदेश आल्यावर त्याला कळतं की आता काही येत नाही, आणि कायम एक सेकंद मागे चालतो. काही जुने संच तर गणितच करत नाहीत. कंट्रोलरवर करेक्शनचं वय विनाकारण वाढलेलं दिसलं तर पहिला संशय या बिटावर घ्यावा.

दुसरं ग्लोनासचं दुखणं. जीपीएसचे सगळे उपग्रह एकाच वारंवारतेवर बोलतात. ग्लोनासचे जुन्या पद्धतीचे उपग्रह उणे ७ ते अधिक ६ अशा चौदा वाहिन्यांत वाटलेले आहेत. १०१२ मध्ये उपग्रहाची वाहिनी लिहावीच लागते. एमएसएम७ मध्ये ती असते, एमएसएम४ मध्ये नसते. म्हणजे १०८४ चं १०१२ करायचं तर वाहिनी दुसरीकडून आणावी लागते, १०२० या पंचांगाच्या संदेशातून. मूळ प्रवाहात १०२० नसेल, तर प्रोग्राम सुरू होऊन दहा मिनिटं झाली तरी ग्लोनास बाहेर पडत नाही आणि आपण सेटिंग चाळत बसतो. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांचे रिसीव्हर ग्लोनासचं माप थोडं वेगवेगळं घेतात. तो फरक सांगायला १२३० हा संदेश आहे. बेस एका कंपनीचा, रोव्हर दुसऱ्या कंपनीचा आणि मध्ये १२३० नाही, तर ग्लोनास मदतीपेक्षा त्रासच देतो. तसं असेल तर तो सरळ बंद करावा. ग्लोनासची वेळही मॉस्कोच्या घड्याळाने चालते, म्हणजे जागतिक वेळेच्या तीन तास पुढे. जीपीएसची वेळ २०१७ पासून जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. रूपांतराच्या प्रोग्राममध्ये लीप सेकंदाचा आकडा जुना राहिला असेल तर दोन प्रणालींचे सेकंद जुळत नाहीत.

साधनांबद्दल पुस्तिकेत सविस्तर आहे, इथे ओझरतंच. टोकियोच्या तोमोजी ताकासू यांनी लिहिलेलं आरटीकेलिब फुकट मिळतं, आणि त्यातला ‘स्ट्रटूस्ट्र’ हा छोटा प्रोग्राम एका ओळीच्या हुकमावर रूपांतर करतो: येणारा प्रवाह, जाणारा प्रवाह, हवे असलेले संदेश आणि कंसात प्रत्येकाची आवर्तनं. निरीक्षणं दर सेकंदाला, जागा आणि अँटेना दर दहा सेकंदांना, हे प्रमाण बहुतेक कामांना पुरतं. जागा दर सेकंदाला पाठवून उपयोग नाही. बेस कुठे जात नाही. बीकेजीचा क्लायंट प्रवाह उघडून आत काय आहे ते दाखवतो. काही कॅस्टर रूपांतराचं काम स्वतःच करतात. पण या सगळ्याच्या आधी सोर्स टेबल वाचावं. पुष्कळ सेवांमध्ये एकाच केंद्राचे जुन्या आणि नव्या संदेशांचे वेगवेगळे माउंटपॉइंट असतात आणि आपण एकच पत्ता पाठ करून बसलेलो असतो. दुसरा माउंटपॉइंट निवडून भागत असेल तर मध्ये प्रोग्राम घालू नये. मधला प्रत्येक प्रोग्राम बिघडण्याची आणखी एक जागा असते, आणि बिघाड नेमका निवळीफाट्याच्या पुढे, रेंज नसलेल्या ठिकाणी होतो.

जाळ्याच्या सेवेत एक वेगळी गंमत आहे. रोव्हर आपली अंदाजी जागा कॅस्टरला कळवतो आणि कॅस्टर आसपासच्या केंद्रांवरून त्याच जागेपाशी एक काल्पनिक बेस तयार करून त्याचे संदेश देतो. हा प्रवाह त्या रोव्हरसाठी शिवलेला असतो. एका मोबाइलवर तो घेऊन, त्याचं रूपांतर करून, रेडिओवरून तीन रोव्हरना वाटायची युक्ती आपल्याकडे चालते. एकाच वाडीत असाल तर निभावतं. एक रोव्हर हातखंब्याला आणि दुसरा वीस किलोमीटरवर असेल तर दुसऱ्याच्या दृष्टीने बेस वीस किलोमीटर लांब आहे, पडद्यावर काहीही दिसो. सेवेच्या अटींत असं वाटप बसतं का, तेही पाहून घ्यावं.

रत्नागिरीची जागाही जाळ्याच्या दृष्टीने अवघड आहे. पूर्वेला केंद्रं आहेत, पश्चिमेला समुद्र. मध्ये असलेल्या बिंदूसाठी चारी बाजूंच्या केंद्रांवरून अंदाज बांधता येतो, काठावरच्या बिंदूसाठी एकाच बाजूने ताणून बांधावा लागतो. त्यात आंबा घाटाच्या वरचं केंद्र पाच-सहाशे मीटर उंचीवर तुलनेने कोरड्या हवेत आणि आपण जूनच्या दमट हवेत समुद्रकाठी. दोन्हींतल्या पाण्याच्या वाफेचा फरक सगळ्यात आधी उंचीत दिसतो. दुसरा उपद्रव आयनावरणाचा. विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत त्यात बुडबुडे उठतात, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जास्त. सूर्यावरच्या डागांचं चक्र २०२४ च्या सुमारास शिखरावर आल्यापासून हा त्रास वाढलेला आहे. संध्याकाळी सातला फिक्स सुटला तर सेटिंग बदलू नये, घरी जावं. सकाळी तीच सेटिंग चालते.

नाविकबद्दल एक शब्द, कारण तो प्रश्न प्रत्येक वर्गात निघतो. आपले उपग्रह भारतावर उंच दिसतात, दरीतूनही दिसतात, मग त्यांचा उपयोग का होत नाही? सुरुवातीचे उपग्रह एल५ आणि एस या लहरींवरच बोलत होते; एल१ वर बोलणारा पहिला, एनव्हीएस-०१, २९ मे २०२३ रोजी गेला. संदेशांत नाविकची सोय फक्त एमएसएम मालिकेतच आहे. म्हणजे रोव्हर एल५ ऐकणारा हवा, बेस नाविकची निरीक्षणं पाठवणारा हवा, आणि मध्ये १००४ कडे नेणारं रूपांतर नको. तिन्ही जुळली तरच.

पुस्तिकेत काय नाही तेही सांगतो. उपग्रहाच्या कक्षा आणि घड्याळाच्या वेगवेगळ्या दुरुस्त्या पाठवणारी एसएसआर पद्धत इथे घेतलेली नाही. आपल्या रोजच्या मोजणीत ती अजून आलेली नाही. एकेका कंपनीच्या गुप्त फॉरमॅटचीही उस्तवार केलेली नाही. सीएमआर हा फॉरमॅट मात्र जुन्या संचांत अजून भेटतो, म्हणून त्याला चार पानं दिली आहेत.

शेवटचं प्रकरण तपासणीचं आहे. कामाला लागण्यापूर्वी एका माहीतगार पक्क्या बिंदूवर रोव्हर ठेवायचा, रूपांतराशिवाय शक्य असेल तर तसं आणि मग रूपांतरासह, दोन्ही वाचनं लिहायची. आणि त्या दिवशीचा मूळ प्रवाह फाइलमध्ये साठवायचा. तासाला एमएसएम७ चे चार एमबी होतात, पेन ड्राइव्हला ते काहीच नाहीत. दोन वर्षांनी कुणी ‘क’ प्रतीवर हरकत घेतली तर बिंदूंची यादी पुरत नाही. कोणत्या केंद्राच्या कोणत्या माउंटपॉइंटवरून, कोणते संदेश वगळून ती काढली हे सांगावं लागतं. नोंदीचा कोरा तक्ता शेवटच्या पानावर आहे: तारीख, केंद्र, माउंटपॉइंट, आलेले संदेश, गेलेले संदेश, जागेचा संदेश मूळ की भरलेला, तपासणीच्या बिंदूवरचा फरक. झेरॉक्स काढून वापरावा.